पोर्ट्रेटमधला माणूस उदास आहे, हे कशावरून?

पोर्ट्रेटसमोर उभं राहिल्यावर आपण बहुतेक जण दोनच प्रश्न विचारतो. हे कोण? आणि हुबेहूब आलंय का? सोलापुरात ही सवय पक्की व्हायला कारणंही आहेत. आपल्याकडे रंगवलेला किंवा विणलेला चेहरा बहुधा ओळखीचाच असतो. स्वातंत्र्यलढ्यात १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांच्या तसबिरी, शाळेच्या सभागृहातले संस्थापक, पुढच्या खोलीत हार घातलेले आजोबा, हातमागावरच्या वॉल हँगिंगमधले शिवाजी महाराज. ही चित्रं ओळख पटावी आणि हात जोडले जावेत म्हणून केलेली असतात. त्यांतल्या माणसाने शांत आणि भारदस्त दिसावं एवढीच अपेक्षा असते. तो त्या दिवशी कोणत्या मनःस्थितीत होता, हे विचारायचं कुणाला सुचत नाही, आणि तिथे ते विचारायची गरजही नाही.

आधुनिक पोर्ट्रेट पुढे आलं की हे दोन्ही प्रश्न निकामी होतात. चित्रातला माणूस आपल्याला माहीत नसतो, आणि त्याचं नाक हिरवं असेल तर हुबेहूबपणाचा विषयच संपला. मग आपण तिसरीकडे उडी घेतो. 'किती उदास आहे ना', 'काहीतरी लपवतोय', 'चित्रकार डिप्रेशनमध्ये असणार'. या तीन वाक्यांपैकी पहिलं बऱ्याचदा बरोबर असतं. दुसरं असू शकतं. तिसऱ्याला मात्र चित्रात सहसा काही आधार सापडत नाही, आणि नेमकं तेच सगळ्यात ठामपणे बोललं जातं.

म्हणून सुरुवातीलाच एक भेद करून घेऊ. चित्राचा मूड ही कॅनव्हासवरची गोष्ट आहे. तो रंगांनी, उजेडाने, बसण्याच्या ढबीने तयार केलेला असतो आणि बोट ठेवून दाखवता येतो. माणसाचं मन कॅनव्हासवर नसतं. त्याचा आपण अंदाज करतो. शिवाय पोर्ट्रेटमध्ये मनं तीन असतात: जो बसला त्याचं, ज्याने काढलं त्याचं आणि जो बघतोय त्याचं. 'चित्र उदास आहे' असं म्हणताना या तिघांपैकी कुणाची उदासी आपण बघतोय, हा प्रश्न सुटा करता आला की निम्मं काम झालं.

एक चित्र सावकाश बघू. जून १८९० मध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉगने डॉ. पॉल गाशे यांचं पोर्ट्रेट केलं. पॅरिसजवळच्या ओव्हेर गावात हे डॉक्टर त्याच्यावर लक्ष ठेवून होते. त्यांनी गडद निळा कोट घातलाय आणि मागची पार्श्वभूमीही निळीच आहे. डोक्यावर फिकट टोपी. पुढे लालसर टेबल, त्यावर दोन पिवळी पुस्तकं आणि पेल्यात डिजिटॅलिसची फुलं. हृदयाचं औषध ज्या झाडापासून मिळतं ते हे झाड. डॉक्टरांनी कोपर टेबलावर टेकलंय आणि डोकं मुठीवर रेललंय.

या चित्राची छापील प्रत मी माझ्या मावशीला दाखवली. चित्रकलेशी तिचा संबंध रांगोळीपुरता. तिने क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "गालाला हात लावून का बसलाय हा? घरात कुणाचं काही बरंवाईट झालंय का?" आपल्या घरांत गालाला हात लावून बसलेल्या पोराला ताबडतोब टोकतात, कारण ती बसण्याची पद्धत दुःखाची, अवकळेची मानतात. मावशीने ज्या खुणेवरून ओळखलं तीच खूण युरोपातही शेकडो वर्षं वापरात होती. जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५१४ मधल्या प्रसिद्ध कोरीव चित्रात 'विषण्णता' अशीच, डोकं हातावर टेकून बसलेली आहे. आणि गाशे तर असे डॉक्टर की १८५८ मध्ये त्यांनी आपला प्रबंधच विषण्णतेवर लिहिला होता. म्हणजे त्या मुठीवर डोकं सहज टेकलं गेलेलं नाही. बसणाऱ्याला आणि काढणाऱ्याला, दोघांनाही त्या ढबीचा अर्थ ठाऊक होता.

आता बारकाईने बघा. शरीर कॅनव्हासभर तिरकं पसरलंय, सरळ उभी अशी एकही ओळ त्याला आधार देत नाही. भुवया आतल्या टोकांना, म्हणजे नाकाच्या बाजूला, वर ओढलेल्या आहेत. चेहऱ्याच्या अभ्यासात ही दुःखाची खूण मानतात, आणि मुद्दाम करून दाखवायला ती अवघड असते. आरशासमोर करून बघा. ओठांचे कोपरे खाली आहेत. कोटाच्या कडा आणि मागची निळाई एकाच लयीच्या वळणदार फटकाऱ्यांनी रंगवल्या आहेत, त्यामुळे माणूस आणि त्याच्या भोवतीची हवा वेगळी काढता येत नाहीत. 'उदास वाटतंय' या आपल्या एका शब्दामागे एवढी पाच-सहा कामं चित्रकाराने केलेली असतात.

पण उदासी कुणाची? व्हॅन गॉगने भावाला पत्रातून कळवलं होतं की हे डॉक्टर मला माझ्याइतकेच आजारी वाटतात, कदाचित जास्तच. चित्रकार मित्र गोगँला लिहिलेल्या पत्राच्या मसुद्यात त्याने या पोर्ट्रेटबद्दल म्हटलं की यात आपल्या काळाचा खचलेला भाव आहे. म्हणजे चित्रकाराच्या स्वतःच्याच शब्दांत त्या चेहऱ्यावर डॉक्टर आहेत, तो स्वतः आहे आणि त्याचा काळही आहे. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २९ जुलैला, व्हॅन गॉग गेला. आज आपण चित्र बघतो ते तो मृत्यू डोक्यात घेऊनच. १९९० मध्ये हे चित्र ८ कोटी २५ लाख डॉलरला विकलं गेलं, लिलावात तोवर कुठल्याच चित्राला तेवढी किंमत आली नव्हती. हा आकडा ऐकल्यावरही नजर बदलते. म्हणून पोर्ट्रेट बघताना आधी चित्र आणि मग चित्राखालची माहिती, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. एकदा माहिती वाचली की ती डोक्यातून काढता येत नाही.

उजेड, डोळे आणि रंग

चेहऱ्याचा मूड सगळ्यात जास्त कशाने बदलत असेल तर उजेडाने. हे समजायला पुस्तक लागत नाही. मे महिन्यात भर दुपारी पार्क चौकात उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाकडे बघा. ऊन डोक्यावरून पडतं, भुवयांची सावली डोळ्यांवर येते, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. तो माणूस लग्नाला निघालेला असला तरी करारी, त्रासलेला दिसेल. तोच संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्याच्या काठाला, तिरप्या उजेडात, मवाळ दिसतो. माणूस बदललेला नाही, त्याचं मनही कदाचित बदललेलं नाही. चित्रकाराला हे नेमकं माहीत असतं. डोळे सावलीत टाकले की बघणाऱ्याला आत शिरायला वाट राहत नाही, आणि मग आपण म्हणतो, 'हा काहीतरी लपवतोय.'

उलट उदाहरण मराठी चित्रकाराचंच आहे. म्हैसूरला गेलेले सोलापूरकर जगनमोहन पॅलेसमध्ये जातातच. तिथे सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातलं चित्र आहे. हातात समई घेतलेली तरुणी, ज्योतीपुढे धरलेला दुसरा हात, त्या हाताच्या बोटांतून झिरपणारा तांबूस प्रकाश. त्यांनी मॉडेल म्हणून आपल्याच मुलीला उभं केलं होतं. चेहऱ्यावर खालून उजेड पडला की माणूस एरवी भीतिदायक दिसतो. लहानपणी अंधारात हनुवटीखाली बॅटरी धरून आपण सगळ्यांनी धाकट्या भावंडांना घाबरवलंय. इथे मात्र आडोशाच्या हाताने ज्योतीचा झगझगीतपणा मऊ झालाय आणि चेहरा निवांत झालाय. हळदणकरांची शैली जुन्या वळणाची, व्हॅन गॉगच्या जवळपासही नाही. पण उजेड मूड कसा घडवतो हे शिकायला याहून चांगलं चित्र मला माहीत नाही.

चेहऱ्यात भाव मुख्यतः दोन जागी राहतो, ओठांच्या कोपऱ्यांत आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत. चित्रकार या जागा पुसट ठेवतो तेव्हा चेहरा दर वेळी थोडा निराळा वाटतो. त्या ठळक केल्या की भाव एकच होतो आणि चित्र लवकर संपतं. मान कुठे वळलीय तेही बघावं. १९७३ मध्ये दोन संशोधकांनी पश्चिम युरोपातली १४७४ पोर्ट्रेट्स मोजली, तेव्हा स्त्रियांच्या ६८ टक्के आणि पुरुषांच्या ५६ टक्के चित्रांत डावा गाल पुढे होता. कारणांवर एकमत नाही. मात्र चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात हे घरीही तपासता येतं. कुणाचाही समोरून काढलेला फोटो घ्या आणि अर्धा चेहरा कागदाने झाका. मग दुसरा अर्धा झाका. कित्येकदा एका बाजूला हसू असतं आणि दुसऱ्या बाजूला नसतं.

रंगांच्या बाबतीत आपली फसगत जास्त होते, कारण रंगांचे ठरीव अर्थ आपल्याला तोंडपाठ असतात. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख, हिरवा म्हणजे मत्सर नाहीतर आजार. ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षांसाठी हे पाठ केलेलं असतं आणि ते आयुष्यभर सुटत नाही. मातिस या फ्रेंच चित्रकाराने १९०५ मध्ये आपल्या बायकोचं पोर्ट्रेट केलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहऱ्याच्या मधोमध हिरवा पट्टा. तिला मत्सर वाटतोय म्हणून तो हिरवा नाही, ती आजारीही नाही. एका बाजूला उबदार रंग, दुसऱ्या बाजूला थंड रंग, आणि त्यांची सीमा म्हणजे तो पट्टा. एरवी सावली जे काम करते ते इथे रंगाने केलंय. त्यामुळे चेहऱ्याला येतो तो करारीपणा, मूर्तीसारखा ठामपणा. ते हिरवेपण 'वाचायला' गेलो की तो आपल्या हातून निसटतो.

अमृता शेरगिलचं १९३५ मधलं 'तीन मुली' हे चित्र याची दुसरी बाजू दाखवतं. त्यातले कपडे अजिबात काळवंडलेले नाहीत, रंग भरदार आहेत. तरीही चित्र जड वाटतं. कशाने? तिघी इतक्या जवळ बसल्यात की अंगाला अंग लागावं, पण एकही जण शेजारच्या मुलीकडे बघत नाही. आपल्याकडेही बघत नाही. नजरा खाली, हात रिकामे. मागे घर नाही, खिडकी नाही, चूल नाही, कुठलंच ठिकाण नाही. त्या कशाची तरी वाट बघताहेत, पण कशाची ते चित्र सांगत नाही. मला हे चित्र फार मोठं वाटतं ते याच कारणाने. त्यात अश्रू नाहीत, फाटके कपडे नाहीत, दया यावी म्हणून काहीही मांडलेलं नाही. फक्त नजरा एकमेकींना भेटत नाहीत. १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने या चित्राला सुवर्णपदक दिलं. आज ते दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे.

ब्रशच्या फटकाऱ्यांबद्दल सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. आपल्याकडची विणलेली तसबीर हातभर अंतरावरून बघा: डोळ्याच्या जागी चार-दोन काळे धागे आणि एक पांढरा, बाकी नुसती वीण. दहा पावलं मागे जा, तोच डोळा रोखून बघायला लागतो. पोर्ट्रेटही असंच दोन अंतरांवरून बघायचं असतं. लांबून भाव कळतो. जवळून कळतं की चित्रकाराने कुठे घाई केलीय, कुठे रंग खरवडलाय, कुठे एकाच जागी दहा वेळा परतून आलाय. मात्र रागीट फटकारा म्हणजे रागावलेला चित्रकार असं नसतं. कित्येक 'वेगवान' फटकारे अत्यंत थंड डोक्याने, जागा हेरून मारलेले असतात.

बसणाऱ्याचं काय?

एक साधी गोष्ट आपण विसरतो. ज्याचं चित्र काढलं जातं तो तासन्‌तास बसलेला असतो. कुणालाही मॉडेल म्हणून पाऊण तास बसवा आणि त्याचा चेहरा बघा. पहिल्या दहा मिनिटांचं हसू गळून पडतं, गालाचे स्नायू सैल होतात, नजर कुठेतरी लागून राहते. ल्यूशियन फ्रॉइड हा ब्रिटिश चित्रकार माणसांना महिनोन्‌महिने बसवायचा. २००२ मध्ये डेव्हिड हॉकनी हा चित्रकार त्याच्यासमोर शंभराहून जास्त तास बसला होता. फ्रॉइडच्या पोर्ट्रेट्समध्ये जे एकटेपण, जो जडपणा लोकांना दिसतो, त्यात या बसण्याचा वाटा नक्कीच आहे. हा फ्रॉइड मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांचा नातू. त्यामुळे त्याच्या चित्रांत दडलेली मनं शोधायचा मोह जास्तच होतो. मला तिथे मनाच्या आधी शरीर दिसतं: थकलेलं, गुरुत्वाकर्षणाने खाली ओढलेलं, कुणासाठीही आव न आणणारं.

पिकासोने गर्ट्रूड स्टाइन या अमेरिकन लेखिकेचं पोर्ट्रेट १९०५-०६ मध्ये केलं तेव्हा ती त्याच्यासमोर ऐंशी-नव्वद वेळा बसली असं ती सांगे. शेवटी वैतागून त्याने चेहरा पुसून टाकला, स्पेनला जाऊन आला आणि ती समोर नसताना मुखवट्यासारखा नवा चेहरा रंगवला. त्या चेहऱ्यावर भाव जवळजवळ नाहीच. तिचा कणखरपणा उतरलाय तो पुढे झुकलेल्या अवजड खांद्यांत आणि मांडीवर टेकलेल्या हातांत. हात हे बहुतेक बघणाऱ्यांच्या नजरेतून सुटतात. चेहऱ्यावर माणूस ताबा ठेवू शकतो, हातांवर सहसा ठेवत नाही, आणि चांगल्या चित्रकाराला ते ठाऊक असतं.

आता तिसरं मन, आपलं. कुलेशोव्ह नावाच्या रशियन दिग्दर्शकाने शंभरेक वर्षांपूर्वी एकाच नटाच्या निर्विकार चेहऱ्याचं चित्रण वेगवेगळ्या दृश्यांना जोडलं: सूपची वाटी, शवपेटी. लोकांना एकदा त्या चेहऱ्यावर भूक दिसली, एकदा शोक, अशी ती गोष्ट सांगतात. पोर्ट्रेटच्या शेजारची पाटी हेच काम करते. एकाच चित्राखाली 'विधवा' लिहा किंवा 'मुख्याध्यापिका' लिहा, बघणारे दोन वेगळे चेहरे बघून घरी जातील. यार्बुस या रशियन शास्त्रज्ञाने तर नजरेचा प्रवासच नोंदवला. रेपिन या रशियन चित्रकाराच्या एका चित्राबद्दल त्याने एकाच माणसाला वेगवेगळे प्रश्न विचारले: ही माणसं श्रीमंत आहेत का, त्यांची वयं काय, चित्रात घरी आलेला पाहुणा किती काळ घरापासून दूर होता. प्रश्न बदलला की डोळे चित्रावर वेगळ्याच वाटेने फिरले. आपण काय शोधतोय त्यावर आपल्याला काय दिसतं ते ठरतं.

म्हणून मी एक पथ्य पाळतो आणि ते कामाला येतं. पोर्ट्रेटबद्दल कुठलंही भावनेचं विशेषण वापरायच्या आधी चित्रात दिसणाऱ्या तीन गोष्टी मोठ्याने सांगायच्या. 'एकटी वाटते' म्हणायच्या आधी: ती कॅनव्हासच्या डाव्या कोपऱ्यात आहे, उरलेली जागा मोकळी आहे, खुर्ची तिच्या अंगापेक्षा मोठी आहे. हे करताना अनेकदा विशेषणच बदलतं. 'उदास' म्हणायला निघालेला माणूस 'दमलेली' वर येतो, किंवा 'हट्टी' वर. ते जास्त नेमकं असतं.

आणि चेहराच नसेल तर? मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपूरचा. ते अगदी लहान असताना त्यांची आई वारली आणि तिचा एकही फोटो मागे राहिला नाही. १९८० च्या आसपास त्यांनी मदर तेरेसांवर चित्रमालिका सुरू केली. पांढरी साडी, निळे काठ, डोक्यावरून घेतलेला पदर, आणि पदराच्या आत चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या खुणा, भुवया, नजर, ओठांचे कोपरे, त्यांनी एका फटक्यात काढून टाकल्या. तरीही माया दिसते. ती साडीच्या घड्यांच्या गोलाईत आहे, मूल सामावून घेणाऱ्या मांडीत आहे, खाली झुकलेल्या डोक्याच्या कोनात आहे.

आईचा चेहरा आठवत नाही म्हणून चेहरा काढला नाही, हे स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं, आणि त्यात तथ्य असावं असं मलाही वाटतं. पण ही गोष्ट कानावर न आलेल्या माणसालाही ती रिकामी जागा जाणवते, म्हणजे काम चित्राने केलेलं आहे. शिवाय हुसेन यांनी मदर तेरेसांखेरीज इतरही आकृत्या बिनचेहऱ्याच्या रंगवल्या आहेत. त्या सगळ्या एका आईच्या आठवणीत कोंबायच्या झाल्या तर मग तो निळा काठ, ती पांढऱ्या रंगाची भरघोस जागा, त्या ठसठशीत बाह्यरेषा बघायला कुणी थांबणारच नाही.